गळ्याच्या खळगीतून

बाळकुम, ठाणे
१८ नोव्हेंबर १९९३

विमलताई,

नमस्कार. दिवाळीचं पत्र दिवाळी उलटल्यावर लिहितेय, रागावू नका. फराळ झाला, पण यंदा माझ्या हातचा नाही. चकल्या सासूबाईंनी केल्या. त्या इतक्या कडक झाल्यात की माझा चंदू त्या गाडीची चाकं म्हणून अंगणात फिरवतो.

मला गणपतीपासून बरं नाही. माजिवड्याच्या नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसते, आणि ऊन उतरलं की अंगात थंडी भरते. रात्री घामानं उशी भिजते. शेजारी बसणारी आवडाबाई डोळे मिचकावून म्हणाली, "अगं, दिवस गेले असतील तुला." म्हटलं, दिवस गेले की बाई भरते, माझ्या बांगड्या तर कोपरापर्यंत वर जायला लागल्यात.

शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. छातीच्या मधोमध, श्वासनळीला लागून गाठींची सावली आहे. ह्यांनी फोटो दारात उजेडाला धरला आणि कितीतरी वेळ खाली घेतलाच नाही. मग बोलले, "जनाच्या फोटोत व्हती, तिथंच हाय."

ताई, तुमच्या बहिणीचं नाव ह्या घरात असं अचानक कुणी घेत नाही. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात, हा टीबी असेल नाहीतर कॅन्सर. टीबी असेल तर गोळ्यांनी बरी होशील. पण कॅन्सर असला आणि आपण टीबीच्या गोळ्या देत बसलो, तर हातातला वेळ जाईल. म्हणून ते अंदाजानं औषध देणार नाहीत. पूर्वी अशा वेळी छाती उघडून गाठीचा तुकडा काढावा लागायचा. आता ठाण्यात सोनोग्राफीच्या एक बाई आहेत, त्या गळ्याच्या खळगीवर यंत्र ठेवून आतल्या गाठी बघतात.

आणि खळगीत तर जनाबाई आहेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी दुसरेपणाची म्हणून लग्नात माझ्या गळ्यात त्यांच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. नवीन लुगडं आधी त्यांना दाखवते, पहिला घास त्यांच्या नावानं बाजूला काढते, मग मी. सवतीशी एवढं गोडीनं कुणी जिवंतपणी तरी राहतं का? पण टाक गळ्यातून उतरवायचा नसतो. सासूबाई म्हणतात, उतरवलास की ती तुला घेऊन जाईल. सोनोग्राफीच्या बाई म्हणाल्या, उतरवल्याशिवाय मला यंत्र टेकवता येणार नाही.

तुम्ही शिकलेल्या, शाळेत बाई आहात. त्यापेक्षा तुम्ही जनाबाईंच्या थोरल्या बहीण आहात. तुम्ही "काढ" म्हणालात तर ह्या घरात कुणी तोंड उघडणार नाही. दोन ओळी लिहा.

तुमची,
मालू

*

मोठागाव, डोंबिवली पश्चिम
२५ नोव्हेंबर १९९३

चि. मालू,

तुझे पत्र मिळाले. दोनदा वाचले. जना गेल्यावर त्या घराशी माझा संबंध उरला नव्हता. दामाजीने वर्षाच्या आत लग्न केले तेव्हा मी त्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही म्हणाले होते, आणि तो शब्द पाळला आहे. पण तू लग्नानंतर आपणहून पत्र पाठवलेस, जनाचे माहेर ते माझे माहेर असे लिहिलेस, तेव्हापासून तुला मी वेगळी मानलेली नाही. म्हणून थोरल्या बहिणीच्या नात्याने लिहिते.

टाक काढू नकोस.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तू जाणतेस. शाळेत मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगू देत नाही. पण हा जनाचा मान आहे. तिच्या नावाची तेवढी एकच वस्तू त्या घरात उरली आहे. ती कुणा परक्या बाईच्या टेबलावर पडलेली माझ्याने सहन होणार नाही.

शिवाय सोनोग्राफी हे गरोदर बायकांच्या पोटासाठी असते. छातीत हाडे आणि हवा. त्यात त्या यंत्राला काय दिसणार? जनाच्या वेळी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी नुसता फोटो बघून सांगितले होते, कॅन्सर आहे, घरी न्या, खाऊपिऊ घाला. त्यांच्यापेक्षा ही ठाण्याची बाई शहाणी का? उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. विश्रांती घे, दूध घे, नाक्यावर बसणे बंद कर. जे असेल ते शांतपणे घ्यावे, जनाने घेतले तसे.

चंदूला अनेक आशीर्वाद.

तुझी,
विमलताई

*

बाळकुम
९ जानेवारी १९९४

ताई,

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. ह्यांना दाखवलं तर ते होडी घेऊन खाडीत निघून गेले. मी सोनोग्राफीला गेले नाही.

आता आवाज बसलाय. भाकरीचा घास उतरत नाही, पेजेवर आहे. चंदू म्हणतो, आईचा रेडिओ बिघडला. नाक्यावरची माझी जागा आवडाबाईनं धरून ठेवलीय, रोज तिथं रिकामी पाटी उलटी घालून ठेवते, बाईला सलाम केला पाहिजे.

ताई, मला एक विचारायचंय. मी दिवसभर खाटेवर असते, तेव्हा मला वाटतं ही खाट मला ओळखते. डोकं कुठे ठेवायचं, कूस कुठल्या अंगाला वळवायची, सगळं आधीच ठरल्यासारखं. ह्याच खाटेवर त्या होत्या ना? कधी कधी खोकला येतो आणि वाटतं हा माझा नाही. गळ्यातला टाक तापात इतका गरम होतो की मी तो मुठीत धरून म्हणते, बाई, तुमचं काय घेतलं मी? नवरा घेतला तो तुम्ही गेल्यावर. तोही फार काही नव्हता.

हसू येईल म्हणून लिहिलं, पण हसू येत नाहीये.

त्यांचं शेवटी शेवटी कसं झालं होतं? इथं कुणी सांगत नाही. ह्यांना विचारलं की उठून जातात. तुम्ही उशाशी होतात. माझं तसंच चाललंय का, ते मला कळू दे.

मालू

*

मोठागाव, डोंबिवली
१६ जानेवारी १९९४

चि. मालू,

तू विचारलेस म्हणून सांगते. नाहीतर मी हे कुणाजवळ बोललेली नाही.

जनाचा आवाज आधी बसला. मग गिळणे थांबले. गळा एका बाजूने सुजला, डोळ्यांखाली काळे आले. संध्याकाळी ताप, रात्री घाम. तू लिहिलेस ते वाचताना मला वाटले की मी तिचेच जुने दिवस पुन्हा वाचते आहे. तुझे अक्षरही अलीकडे तिच्यासारखे उजवीकडे कलायला लागले आहे.

शेवटचे आठवडे ती फार शांत होती. तक्रार नाही, रडणे नाही. तिला सगळे समजले होते, आणि तिने ते मान्य केले होते. काही मागितले नाही तिने. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची. माघ महिना होता. एका पहाटे माझा हात तसाच राहिला आणि ती गेली. इतक्या वर्षांत मला आधार आहे तो एवढाच, की कुणी काही करू शकले नसते. तो रोगच तसा होता. तुलाही मी हेच सांगेन, मनाची तयारी असली की त्रास कमी होतो.

चंदूची काळजी करू नकोस. मला मूलबाळ नाही, घर मोठे आहे, शाळा जवळ आहे. मी त्याला माझ्याकडे आणीन. हे दामाजीलाही सांगून ठेव.

रोज लिहीत जा. निदान दोन ओळी. तुझे पत्र आले नाही की मला शाळेत लक्ष लागत नाही.

विमलताई

*

बाळकुम
२० फेब्रुवारी १९९४

विमलताई,

पेन धरता येतंय म्हणून आधी तुम्हाला लिहितेय. मी जिवंत आहे आणि जगणार आहे असं दिसतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. पहिल्यांदाच तुमचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावत. चंदूला नेण्याचं वाचून झाल्यावर ते उठले, माझ्या मानेमागची दोऱ्याची गाठ सोडली आणि टाक काढला. सासूबाई ओरडल्या, "अरे दामाजी, ती कोपंल!" तर हे बोलले, "आये, ती माझी बायको व्हती. कोपली तं माझ्यावर कोपंल." आणि तो दोरा त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधला. पुरुषाच्या गळ्यात सवतीचा टाक कुणी पाहिलाय का? सोनोग्राफीला जाताना बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला.

सोनोग्राफीच्या बाईंचं नाव सरोज मॅडम. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकायला लावली, गळ्याला काहीतरी गार चिकट लावलं. मी डोळे मिटून घेतलेले. वाटलं आता यंत्र टेकलं की आतून कुणीतरी बोलेल. बोललं कुणी नाही. मॅडम म्हणाल्या, "डोळे उघडा, तुमचंच आहे, बघा की." पडद्यावर काळंपांढरं भुरभुरत होतं. त्या बोटानं दाखवत गेल्या. म्हणाल्या, कॅन्सरच्या गाठी बहुतेक वेळा सुट्या सुट्या असतात, गोल, आतून एकसारख्या. ह्या तुमच्या एकमेकींना चिकटून बसल्यात, आतून मऊ पडल्यात, कडेला जुने पांढरे ठिपके आहेत. मी म्हटलं, ओल्या जवळ्याचा गोळा झाल्यासारखं दिसतंय. त्या हसल्या, म्हणाल्या, मी तुम्हाला इथं नोकरीला ठेवते.

पण नुसतं बघून मी टीबी म्हणणार नाही, म्हणाल्या. कधी कधी दोघांचं रूप सारखं दिसतं, पडदाही फसवतो. मग पडद्यावर बघत बघत त्यांनी खळगीतून बारीक सुई आत घातली. मी ह्यांचा हात असा दाबला की अजून नखांचे वण दिसतात. सुईत पू आला. तो तपासायला गेला, आणि त्यात टीबीचे जंतू निघाले.

टीबी, ताई! आठ-नऊ महिने गोळ्या. मी तिथंच रडले. टीबी झाला म्हणून आनंदानं रडणारी बाई सरोज मॅडमनी पहिल्यांदा पाहिली असेल. म्हणाल्या, आणखी महिनाभर उशीर केला असता तर श्वासनळीच दाबली गेली असती. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले. चंदू ठीक आहे, सासूबाई ठीक आहेत.

मग मॅडमनी विचारलं, आधी घरात कुणाला झाला होता का? हे हळूच बोलले, "माझी पयली बायको. तिला कॅन्सर बोललेले. तिचं पन ह्येच असंल का?" मॅडमनी विचारलं, सुई घातली होती का? तुकडा काढला होता का? काही नाही, नुसता फोटो. तो फोटो आहे का? नाही, बाराव्याला बाकीच्या सामानाबरोबर खाडीत सोडला. मॅडमनी यंत्र पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "तेव्हा इथं हे यंत्र कुणाकडे नव्हतं. आता मला सांगता येणार नाही. गेलेल्या माणसाच्या गळ्यावर हे ठेवता येत नाही हो."

हे तेव्हापासून खाडीवर गेले नाहीत. ओट्यावर बसून असतात.

मालू

*

मोठागाव, डोंबिवली
२ मार्च १९९४

मालू,

पत्र पोचले. तुला बरे वाटते आहे हे वाचून समाधान वाटले.

मात्र एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखव. सुईत पू आला म्हणजे आत दुसरे काही नाही असे होत नाही. त्या बाईच मान्य करतात की पडदा फसवतो. आणि तुला टीबी असलाच, तरी त्यावरून जनाला तो होता असे कुठे ठरते? जनाला कॅन्सर होता. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते. दामाजीला म्हणावे, ओट्यावर बसून उगाच भलते मनात आणू नकोस. भलते बोलूही नकोस.

वरचे सगळे लिहून झाल्यावर पाकीट बंद केले होते. पुन्हा फोडले.

मालू, तुझे पत्र वाचल्यापासून मी झोपलेली नाही. तिला टीबी होता असे धरले, तर काय होते ते तुला समजते का? तेव्हाही गोळ्या होत्या. आमच्या शाळेच्या मागे दवाखाना होता, तिथे फुकट मिळायच्या. मी रोज त्या दारावरून तिच्याकडे यायला निघायची. ती मेली ते तिचे ठरलेले मरण नव्हते असे मला कुणी सांगू नये. कुणीच काही करू शकले नसते, हे एवढे एक वाक्य घेऊन मी जगते आहे. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

तू बरी व्हावीस असे मला वाटते. देवाशपथ वाटते. आणि तू एकेक दिवस बरी होत जाशील तशी माझी जना पुन्हा मरत जाईल, हेही वाटते. आता तुला माझा राग येईल. येऊ दे. पण पत्र लिहिणे थांबवू नकोस.

विमल

*

बाळकुम
३० सप्टेंबर १९९४

विमलताई,

सात महिन्यांनी लिहितेय. तुमची चारही पत्रं पोचली. उत्तर मुद्दाम दिलं नाही.

गोळ्या अजून थोड्या उरल्यात, पण सरोज मॅडमनी पुन्हा यंत्र ठेवून पाहिलं. गाठी वाळून गेल्यात. वजन वाढलं, आवाज आला. आवाज आल्याचं सगळ्यात जास्त दुःख नाक्यावरच्या गिऱ्हाइकांना झालंय, आवडाबाई त्यांना स्वस्तात देत होती.

आता मनातलं लिहिते. तुम्ही टाक काढू नकोस लिहिलंत, तेव्हाच मला खटकलं होतं. भुताखेताची गोष्ट ऐकून न घेणाऱ्या माझ्या ताई असं कसं लिहितात? पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी जवळजवळ दोन महिने थांबले, आणि मरायला टेकले. दुसऱ्या पत्रात तुम्ही माझं अक्षर त्यांच्यासारखं झालं म्हणालात, चंदूला नेते म्हणालात. ते वाचून अंगावर काटा आला. सगळे मला विचारायचे, जनाबाईची भीती वाटते का? ताई, मला जनाबाईची भीती वाटली नाही कधी. गळ्यात बाळगून होते मी त्यांना. मला तुमची भीती वाटली. मी जावं असं ह्या जगात एकाच माणसाला वाटत होतं, आणि तेच माणूस मला रोज दोन ओळी लिही म्हणत होतं.

राग होता तो उन्हाळाभर टिकला, पावसात विरला. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी काय मागितलं असतं देवाजवळ, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

परवा अविधवा नवमी झाली. दरवर्षी त्या दिवशी जनाबाईंच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो, पान वाढतो, सासूबाई नाक घासून म्हणतात, बये, पोराबाळांवर राग धरू नकोस. यंदा पान वाढलं आणि सासूबाईंना बोलताच येईना. राग धरू नकोस असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आधी त्या रागावल्यात असं वाटायचं तेव्हा बरं होतं, नारळ फोडला, लुगडं दाखवलं की भागायचं. आता ह्या घरात त्यांना कुणी भीत नाही, आणि तेव्हापासून कुणाला धड झोप नाही.

त्या रात्री हे पहिल्यांदा जनाबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले. तुमचं ते शांतपणाचं पत्र त्यांच्या मनात अडकून राहिलं होतं. म्हणाले, "तुज्या ताईला सांग, ती शांत नवती." तुम्ही शाळेसाठी दुपारी डोंबिवलीला परत जायचात, तेव्हा त्या ह्यांना हात धरून उठवायला लावायच्या. भिंतीला धरून खाटेपासून दारापर्यंत पावलं टाकायच्या आणि धापा टाकत खाली बसायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणायच्या, ताई घाबरेल. आवाज तर गेला होता, कानाशी तोंड नेऊन म्हणायच्या, "शिमग्याला मी नाचणार हाय. तवर मला उबी कर." शेवटच्या आठवड्यातही म्हणाल्या.

मला हे तुम्हाला कळवायचं नव्हतं. तुमचं एक वाक्य तुम्ही काढून घेऊ नकोस म्हणाला होतात. पण हे म्हणतात, तिचं म्हणणं मी, आयेनं आणि तुझ्या ताईनं मिळून पुसून टाकलं, ते निदान तिच्या बहिणीला तरी पोचलं पाहिजे. त्यांना टीबी होता की कॅन्सर, ते कुणाला कधीच कळणार नाही. त्या शांतपणे गेल्या नाहीत, एवढं मात्र आता आपल्याला कळलंय. त्यांना जगायचं होतं, ताई.

मालू